अटीतटीच्या प्रायमरीचा अंदाज बांधायचा कसा: टक्के सोडा, डेलिगेट मोजा

प्रश्न असा आहे की अमेरिकेत एखाद्या पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, अगदी काट्याची चाललेली असते, दोनच दमदार उमेदवार उरलेले, आज हा पुढे उद्या ती पुढे, टीव्हीवर रोज नवीन पोल, कुणी म्हणतं हवा याची आहे, कुणी म्हणतं मोमेंटम तिच्याकडे आहे, मग पुढे काय होणार हे सांगायचं तरी कशाच्या जोरावर? मी २००८ पासून इथे प्रचाराच्या डेटाचं आणि पोलिंगचं काम करतोय, आधी व्हॉलंटियर म्हणून आणि नंतर पोटापाण्यासाठी, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उदाहरण मुख्यतः २००८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीचं घेणार आहे, बराक ओबामा विरुद्ध हिलरी क्लिंटन, कारण ती जानेवारीपासून जूनपर्यंत चालली, जवळजवळ प्रत्येक राज्यात लढली गेली, आणि अंदाज कुठे चुकतो कुठे टिकतो हे तिच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नक्की काय मोजलं जातंय ते डोक्यात पक्कं करा. देशभरात कुणाला किती टक्के, याला प्रायमरीत काहीही बक्षीस नाही. बक्षीस आहे ते डेलिगेटचं, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात जाऊन उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी. २००८ ला सुरुवातीला आकडा होता २,०२५, जो तिथे पोचेल तो उमेदवार. आता हे डेलिगेट राज्यातल्या एकूण मतांवर सगळेच्या सगळे वाटले जात नाहीत, बहुतेक राज्यांत त्यातला मोठा भाग काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदारसंघानुसार वाटला जातो, आणि डेमोक्रॅटिक पक्षात ते मतांच्या प्रमाणात मिळतात, १५ टक्क्यांच्या वर असाल तर. इथेच खरी गंमत आहे आणि इथेच बहुतेक लोक पुढे वाचायचं सोडतात, पण कृपा करून सोडू नका.

समजा एका मतदारसंघाला ४ डेलिगेट आहेत आणि दोघेच उमेदवार आहेत. एकाला ६० टक्के मतं मिळाली, दुसऱ्याला ४०. वीस टक्क्यांचा दणदणीत विजय. डेलिगेट किती? दोन-दोन. कारण तीन-एक व्हायला ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. आणि शेजारच्या मतदारसंघात ३ डेलिगेट असतील तर तिथे ५१-४९ झालं तरी दोन-एक होतं. म्हणजे एका ठिकाणी वीस टक्क्यांनी जिंकून फायदा शून्य आणि दुसऱ्या ठिकाणी दोन टक्क्यांनी जिंकून एक डेलिगेट खिशात. सम आकड्याच्या मतदारसंघात काट्याची टक्कर म्हणजे बरोबरी, विषम आकड्याच्या मतदारसंघात एकेक मत सोन्याचं. नेवाडात जानेवारी २००८ ला नेमकं हेच झालं, कॉकस (म्हणजे सभेला हजर राहून सगळ्यांसमोर करायचं मतदान) क्लिंटननी जिंकलं, साधारण ५१ विरुद्ध ४५, आणि डेलिगेट गेले ओबामांना १३ आणि त्यांना १२, कारण राज्याच्या ग्रामीण भागातल्या विषम जागा ओबामांनी घेतल्या.

याचंच मोठं रूप सुपर ट्यूसडेला, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांत मतदान असतं त्या मंगळवारी, ५ फेब्रुवारीला दिसलं. न्यू जर्सीत अकरा लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं, क्लिंटन जिंकल्या, डेलिगेट ५९-४८, म्हणजे ११ ची आघाडी. त्याच रात्री आयडाहोत, जिथे डेमोक्रॅट औषधालाही सापडत नाहीत असं सगळे समजतात, कॉकसला एकवीस हजारांच्या आसपास माणसं आली आणि ओबामांना १५, क्लिंटनना ३. आघाडी १२. अकरा लाख मतांचं राज्य एका छोट्या कॉकसने पुसून टाकलं! न्यू जर्सीतल्या एडिसनमधे आमच्या ओळखीची कितीतरी मराठी घरं त्या दिवशी मतदानाला गेली होती, आपण मोठ्या राज्यात आहोत म्हणजे आपल्या मताचं वजन मोठं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि रात्री मी शीटमधे आयडाहोचा आकडा भरला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही निवडणूक कुठे जिंकली जातेय. त्या रात्री २२ राज्यांत मिळून दोघांमधे फरक पडला जेमतेम डझनभर डेलिगेटचा.

म्हणून माझं पहिलं काम नेहमी एकच असतं, राज्यांची यादी नाही तर मतदारसंघांची यादी करायची, प्रत्येकापुढे किती डेलिगेट ते लिहायचं, आणि पुढचा डेलिगेट किती टक्क्यांवर पडतो तो उंबरठा लिहायचा. हे कंटाळवाणं आहे, दोन-तीन रात्री जातात, पण यात अंदाज काहीच नाही, निव्वळ नियम आहेत, आणि नियम चुकत नाहीत. टेक्ससच्या बाबतीत तर हे केल्याशिवाय काही कळायचंच नाही, तिथे ३१ स्टेट सेनेट जिल्हे आणि प्रत्येकाला डेलिगेट वेगवेगळे, मागच्या निवडणुकांत तिथे डेमोक्रॅटिक मतं किती पडली त्यावर ठरलेले, त्यामुळे ऑस्टिनच्या जिल्ह्याला ८ आणि सीमेकडच्या काही हिस्पॅनिक जिल्ह्यांना ३-४. क्लिंटनची ताकद हिस्पॅनिक भागात होती, ओबामांची ऑस्टिनला आणि ह्यूस्टन-डॅलसच्या कृष्णवर्णीय वस्तीत. वर दिवसा प्रायमरी आणि रात्री कॉकस असा दुहेरी प्रकार. निकाल काय, तर प्रायमरीत क्लिंटन साडेतीन टक्क्यांनी विजयी, टीव्हीवर जल्लोष, आणि सगळं मिळून डेलिगेट ओबामांना ९९ आणि क्लिंटनना ९४.

आता दुसरा भाग, मतदार. इथे मी माझं ठाम मत सांगतो आणि बरीच वर्षं बघून सांगतो: दोघांचीच लढत असेल आणि दोघंही लोकांना नीट माहीत असतील, तर मोमेंटम म्हणून जे टीव्हीवर दाखवतात ते बहुतांशी फक्त कॅलेंडर असतं. लोकांचं मत बदललेलं नसतं, मतदान करणारे लोक बदललेले असतात, कारण या आठवड्यात वेगळं राज्य आहे.

मे २००८ बघा. ६ मेला ओबामा नॉर्थ कॅरोलायनात जवळपास १५ टक्क्यांनी जिंकले आणि सगळ्या चॅनलवर संपलं म्हणून जाहीर झालं. आठवडाभरात, १३ मेला वेस्ट व्हर्जिनियात तेच ओबामा ६७-२६ ने हरले, म्हणजे चाळीस टक्क्यांनी. जो माणूस उमेदवार होणार हे जगाला माहीत आहे तो चाळीस टक्क्यांनी हरतो, मग मोमेंटम गेला कुठे? आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात, २० मेला, एकाच दिवशी दोन राज्यं: केंटकीत क्लिंटन ६५-३० ने पुढे आणि ऑरेगनमधे ओबामा सतरा-अठरा टक्क्यांनी. एकच दिवस, तेच उमेदवार, त्याच बातम्या, तीच भाषणं. फरक फक्त तिथे राहणाऱ्या माणसांचा. ॲपलाचियन डोंगरपट्ट्यातले कॉलेज न केलेले गोरे मतदार, वयस्कर बायका, हिस्पॅनिक कुटुंबं क्लिंटनकडे. कृष्णवर्णीय मतदार, तिशीच्या आतली मुलं, कॉलेज शिकलेले शहरी गोरे ओबामांकडे. ही वाटणी फेब्रुवारीत पक्की झाली ती जूनपर्यंत फारशी हललीच नाही.

त्यामुळे अटीतटीच्या लढतीत मी पोलपेक्षा झालेल्या मतदानावर जास्त भरवसा ठेवतो. पंधरा-वीस राज्यं होऊन गेली की तुमच्याकडे काउंटी-काउंटीचे निकाल असतात, जनगणनेचे आकडे असतात, कुठे कृष्णवर्णीय किती, पदवीधर किती, वय काय, उत्पन्न काय, धर्म काय. त्यावर साधं रिग्रेशन (वस्ती आणि मतं यांचा आकड्यांतला संबंध काढायची पद्धत) लावलं तरी पुढच्या राज्याचा अंदाज बरा येतो. त्या वर्षी काही हौशी लोकांनी हे केलं, त्यातलाच एक नेट सिल्व्हर, तेव्हा तो टोपणनावाने लिहायचा, आणि ६ मेच्या दोन राज्यांचा (नॉर्थ कॅरोलायना आणि इंडियाना) त्याचा वस्तीवरून काढलेला अंदाज बहुतेक पोलपेक्षा जवळ आला. याहून मोठा पुरावा म्हणजे ओबामांच्या प्रचाराची स्वतःची शीट. सुपर ट्यूसडेनंतर एक-दोन दिवसांत ती चुकून एका वृत्तसंस्थेच्या हाती लागली. त्यात उरलेल्या प्रत्येक राज्याचा अंदाज होता, आणि त्यात त्यांनी स्वतःच ओहायो, टेक्सस आणि पेनसिल्वेनिया हरणार असं लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सलग अकरा विजय मिळायच्या आधी! मेन, इंडियाना अशी मोजकी राज्यं त्यांची चुकली, पण बहुतेक बरोबर निघाली. चार महिने आधी. मधल्या काळात किती वाद झाले, किती भाषणं झाली, ओबामांच्या पाद्रीचं प्रकरण झालं, आणि तरी शीट टिकली.

मात्र वस्तीइतकीच दुसरी एक गोष्ट मोजावी लागते, ती म्हणजे मतदानाचा प्रकार. प्रायमरी म्हणजे गुप्त मतदान, सकाळपासून रात्रीपर्यंत कधीही जा आणि या. कॉकस म्हणजे ठरलेल्या वेळी हजर राहून तासदोन तास सगळ्यांसमोर उभं राहणं. याचा अनुभव मला पहिल्यांदा आला तो ३ जानेवारी २००८ ला आयोवात. डेमॉइनच्या बाहेर एका शाळेच्या कॅफेटेरियात आमची ड्युटी, बाहेर कडाक्याची थंडी आणि दारातून पार्किंगपर्यंत लाइन. दारातच नवीन नोंदणी करता येत होती, त्याचे फॉर्म पाऊण तासात संपले, शाळेच्या ऑफिसात जाऊन झेरॉक्स काढून आणले. आत प्रत्येक उमेदवाराचा एकेक कोपरा. दोनशे बारा माणसं मोजली, १५ टक्के म्हणजे ३२ डोकी, त्याच्या आत असाल तर तुमचा कोपरा बाद. रिचर्डसनच्या कोपऱ्यात एकोणीस जण होते. त्यात एक आजोबा, जाड कोट घातलेले, खुर्ची ओढून बसलेले, आणि त्यांच्याभोवती ओबामांची दोन कॉलेजातली मुलं आणि क्लिंटनकडची एक बाई, त्यांची शेजारीणच ती, तिघंही त्यांना समजावतायत. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्या मुलांपैकी एकाला विचारलं, तू अमक्याचा नातू ना, आणि उठून त्याच्याबरोबर चालत गेले. त्या कोपऱ्यातले एकोणीसपैकी बारा-तेरा तरी त्यांच्यामागे गेले. कुठल्याही पोलमधे हे येत नाही हो. दुसरी पसंती, शेजार, कोण कुणाचा नातू, हे कॉकसमधे मोजलं जातं.

त्या रात्री सगळ्या राज्यात मिळून सुमारे २ लाख ४० हजार लोक आले, २००४ ला सव्वा लाखाच्या आसपास आले होते. ओबामा ३७.६, तेव्हा अजून मैदानात असलेले जॉन एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.५, आणि लक्षात घ्या हे आकडे माणसांचे नसून राज्यपातळीच्या प्रतिनिधींच्या हिश्शाचे आहेत. ही गर्दी आधी ओळखली ती फक्त तिथल्या डेमॉइन रजिस्टर वृत्तपत्राच्या पोलने, जो ॲन सेल्झर करायच्या. त्यांनी ओबामा ३२, क्लिंटन २५, एडवर्ड्स २४ असा अंदाज दिला आणि सांगितलं की येणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक पहिल्यांदाच येणार आहेत. इतर प्रचारातले लोक त्यावर तुटून पडले, असं कधी होत नाही म्हणाले. सेल्झर यांनी मागच्या वेळी कोण आलं होतं यावरून आकडे ओढूनताणून बसवले नाहीत, लोकांनी जे सांगितलं ते ऐकलं, एवढंच. हे करायला जिगर लागते, मी स्वतः या धंद्यात असल्यामुळे सांगतो.

कॉकस आणि प्रायमरीत किती फरक पडतो हे बघायचं तर वॉशिंग्टन राज्य घ्या. ९ फेब्रुवारीला तिथे कॉकस झालं, ओबामा ६८-३१. दहा दिवसांनी त्याच राज्यात प्रायमरीही झाली, तिला डेलिगेट नव्हते पण लोकांनी मतदान केलं, ओबामा ५१-४६. राज्य तेच, माणसं तीच, आणि फरक सदतीसवरून पाचावर. म्हणून मॉडेलमधे कॉकस राज्यांचा रकाना वेगळाच ठेवायचा, दोन्हींची सरासरी काढायची नाही. क्लिंटनच्या बाजूने कॉकस राज्यांकडे जे दुर्लक्ष झालं ते माझ्या मते त्या निवडणुकीतलं सगळ्यात महागात पडलेलं दुर्लक्ष.

पोलबद्दल थोडं. पोल बघावेतच, मी त्यांच्यावरच जगतो, पण प्रायमरीतल्या पोलची चूक नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या मानाने जवळपास दुप्पट असते हे धरून चालायचं. कारण सोपं आहे, नोव्हेंबरमधे माणूस पक्षाला बांधलेला असतो, इथे दोन्ही उमेदवार त्याच्याच पक्षाचे, दोन्ही आवडतात, निर्णय शेवटच्या दोन दिवसांत होतो, आणि मतदानाला कोण येणार हेच ठाऊक नसतं. न्यू हॅम्पशायरला आयोवानंतर पाचच दिवसांत मतदान होतं, सरासरीत ओबामा आठेक टक्क्यांनी पुढे, आणि जिंकल्या क्लिंटन, ३९ विरुद्ध ३६.५. नंतर पोलिंगवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने वर्षभर तपास केला, तर एक असं कारण सापडलं नाही, चार-पाच छोटी कारणं एकाच दिशेने लोटत होती, त्यात मतपत्रिकेवर क्लिंटनचं नाव वरती आणि ओबामांचं खाली होतं हेसुद्धा. बरं, त्यावरून कुणी म्हणावं की पोल ओबामांना फुगवून दाखवतात, तर तीन आठवड्यांत साउथ कॅरोलायनात बरोबर उलट झालं, पोलमधल्या आघाडीपेक्षा कितीतरी जास्त, एकोणतीस टक्क्यांनी ओबामा जिंकले. चूक कुठल्या बाजूला होणार हे आधी सांगता येत नाही, चूक होणार एवढं सांगता येतं.

माझी स्वतःची सगळ्यात मोठी चूक २०१६ ची, मिशिगन. क्लिंटन विरुद्ध सँडर्स. पोलमधे क्लिंटन वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या आणि मी वस्तीचा हिशोब करूनही तो पोलकडे ओढून घेतला, आणि क्लिंटन आरामात असं लिहून दिलं. ८ मार्चला सँडर्स दीड टक्क्याने जिंकले. नंतर बसून बघितलं तेव्हा कारण समोरच होतं. कोण मतदानाला येईल हे ठरवताना आम्ही सगळे २००८ ची यादी आधार धरत होतो, आणि २००८ ला मिशिगनमधे नीट प्रायमरी झालीच नव्हती, तारखेच्या भांडणामुळे ओबामांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं! त्या वर्षी तरुण मतदार घरी बसलेले, म्हणून आमच्या यादीत तरुण कमी, म्हणून सँडर्स कमी. तेव्हापासून कुठल्याही राज्याचं मॉडेल उघडलं की मी आधी विचारतो, मागच्या वेळी इथे खरी लढत झाली होती का? ओपन प्रायमरी आहे का, म्हणजे अपक्ष येऊ शकतात का? आणि पलीकडच्या पक्षातही चुरस आहे का, कारण असेल तर ते अपक्ष तिकडे जातात.

आगाऊ मतदान हेही विसरू नका. कॅलिफोर्नियात २००८ ला शेवटच्या आठवड्यात ओबामांचा जोर वाढतोय अशा बातम्या होत्या, एका पोलने तर त्यांना दोन आकडी आघाडी दिली, आणि प्रत्यक्षात क्लिंटन आठ टक्क्यांनी जिंकल्या. पोस्टाने लाखो मतं आधीच जाऊन पडली होती, पेटीत पडलेलं मत बातमी ऐकून बाहेर येत नाही.

हे सगळं लागू होतं ते दोघांच्या लढतीला. मैदानात पाच-सात जण असतील तर गणित पूर्ण वेगळं आणि तिथे मात्र मोमेंटम खरा असतो, कारण लोक एकसारख्या चार जणांतून निवडत असतात आणि कोण टिकेल हे बघून हलतात. २०२० ला बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमधे पाचवे, संपल्यातच जमा. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला, २९ ला बायडन तिथे ४८ टक्क्यांच्या वर गेले, दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुचर दोघांनी माघार घेतली, आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्यं बायडनना. बहात्तर-ऐंशी तासांत एवढं हललेलं मी दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

आणि खूप आधीचे पोल, सहा-आठ महिने आधीचे, त्यात फक्त नाव किती ओळखीचं आहे एवढंच दिसतं. २००७ भर राष्ट्रीय पोलमधे डेमोक्रॅटमधे क्लिंटन बऱ्याच पुढे होत्या आणि रिपब्लिकनमधे रूडी जुलियानी पहिले होते, जुलियानींनी सगळा डाव फ्लोरिडावर लावला, तिसरे आले आणि घरी गेले. राष्ट्राध्यक्षपदाचं नाही पण आपल्या माणसाचं उदाहरण द्यायचं तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत टीव्हीवर भरपूर जाहिराती केल्यामुळे सुरुवातीच्या काही पोलमधे वर दिसत होते, ऑगस्टमधे तिसरे आले. तेच ठाणेदार २०२२ ला डेट्रॉइट भागातल्या एका मतदारसंघातून गर्दीच्या प्रायमरीत तीसपेक्षा कमी टक्के मतांवर जिंकून काँग्रेसमधे गेले, तिथे मैदान विभागलेलं होतं आणि नावाची ओळख पुरेशी ठरली. आमच्या इथे मंडळात तेव्हा खूप कौतुक झालं होतं.

रिपब्लिकन पक्षाचं थोडक्यात: तिथे बऱ्याच राज्यांत जिंकणाऱ्याला सगळे डेलिगेट किंवा मोठा बोनस, त्यामुळे काट्याची लढत लांबत नाही. २००८ ला मॅककेन यांनी फ्लोरिडात ३६ टक्क्यांवर सगळे ५७ डेलिगेट नेले आणि ४ मार्चला विषय संपला. फक्त मुक्त डेलिगेट, म्हणजे राज्याच्या निकालाने न बांधलेले, जिथे असतात तिथे सावध राहायचं. आयोवात २०१२ ला आधी रॉम्नी ८ मतांनी जिंकले म्हणून जाहीर झालं, मग सँटोरम ३४ मतांनी, आणि अधिवेशनाला गेलेल्या २८ पैकी २२ डेलिगेट निघाले रॉन पॉल यांचे, कारण कॉकस संपल्यावर खोलीत थांबून पुढच्या सभेसाठी नाव द्यायचं काम त्यांच्या लोकांनी केलं. आणि १९७६ ला तर फोर्ड विरुद्ध रेगन थेट कॅन्सस सिटीच्या अधिवेशनापर्यंत गेलं, ११८७ विरुद्ध १०७०, जिंकायला ११३० लागत होते. राष्ट्राध्यक्ष फोर्ड न ठरलेल्या डेलिगेटना एकेकाला व्हाइट हाऊसमधे बोलावून, फोन करून मनवत होते. एवढी घासाघीस असते तेव्हा मॉडेल बाजूला ठेवून माणसांची यादीच करावी लागते.

सुपरडेलिगेट, म्हणजे मतदानातून न ठरणारे, पदामुळे अधिवेशनात मत असलेले पक्षाचे खासदार आणि नेते, तेही तसेच, एकेक नाव. २००८ ला त्यांची संख्या आठशेच्या आसपास होती आणि सुरुवातीला क्लिंटनकडे त्यातली साधारण शंभराची आघाडी होती, त्यामुळे पुष्कळ लोक तीच बेरजेत धरून मोकळे झाले. पण ते आकडे पक्के नव्हते. जॉर्जियाचे जॉन लुईस, नागरी हक्क चळवळीतलं केवढं मोठं नाव, आधी क्लिंटनबरोबर होते, त्यांच्या मतदारसंघाने भरभरून ओबामांना मतं दिली आणि फेब्रुवारी संपताना तेही ओबामांकडे आले. ते आले तेव्हा मी माझ्या शीटमधला सुपरडेलिगेटचा रकाना बदलला: ज्याच्या त्याच्या जिल्ह्याने कुणाला मत दिलं ते शेजारी लिहिलं. मेच्या मध्यापर्यंत तो कल तसाच गेला. २०१८ मधे नियम बदलला, आता निकाल आधीच पक्का नसेल तर पहिल्या फेरीत त्यांना मत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी ही डोकेदुखी कमी.

आता हे सगळं एकत्र कसं करायचं. झालेल्या राज्यांवरून प्रत्येक मतदारसंघाचा अंदाज काढा, कॉकस वेगळं, मग प्रत्येकाला वर-खाली सात-आठ टक्क्यांची सूट द्या आणि ती सूट सगळीकडे एकाच दिशेने द्या, कारण चुका सुट्या सुट्या होत नाहीत, ओहायोत तरुण कमी धरले असतील तर इंडियानातही कमीच धरलेले असतात. मग बघा किती डेलिगेट हलतात. बहुतेक वेळा आश्चर्य वाटेल इतके कमी हलतात. ४ मार्च २००८ ची रात्र क्लिंटनची म्हणून सगळीकडे गाजली, ओहायो जिंकलं, ऱ्होड आयलंड जिंकलं, टेक्ससची प्रायमरी जिंकली. माझ्या शीटमधे ओहायो अधिक ७, ऱ्होड आयलंड अधिक ५, व्हरमाँट उणे ३, टेक्सस उणे ५. एकूण ४. आणि ओबामांची आघाडी दीडशेच्या आसपास होती, मतदानातून ठरणारे डेलिगेट उरले होते ६११. म्हणजे बरोबरीत यायला सुद्धा क्लिंटनना उरलेल्यातले ६२ टक्के हवे होते, प्रत्येक राज्यात, सगळं प्रमाणात वाटलं जात असताना. पेनसिल्वेनिया त्यांनी नऊ टक्क्यांनी जिंकलं, खूप चांगला विजय तो, आणि मिळाले १५८ पैकी ८५. चौपन्न टक्के सुद्धा नाही.

६ मेच्या रात्री इंडियानाची मोजणी लांबली. लेक काउंटी, म्हणजे गॅरी आणि शिकागोला लागून असलेला भाग, तिथले आकडे मध्यरात्र जवळ आली तरी येत नव्हते, क्लिंटनची आघाडी तासातासाला कमी होत होती, आणि आमच्या खोलीत बारा-पंधरा जण टीव्हीला चिकटून. एक नवीन मुलगा, विशीतला, मला येऊन विचारतो, दादा लेक काउंटीत काय होईल हो? मी त्याला शीट दाखवली. नॉर्थ कॅरोलायना ओबामांना अधिक १९, ते तर संध्याकाळीच ठरलं होतं. इंडियाना कुणीही जिंकलं तरी चार-पाच डेलिगेट इकडे किंवा तिकडे. त्याने दोनदा बेरीज केली, मग खुर्ची ओढून पुढची राज्यं बघायला लागला, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी, ऑरेगन. लेक काउंटीचे आकडे आले तेव्हा एक वाजून गेला असेल, क्लिंटन राज्यात चौदा हजारांच्या आसपास मतांनी राहिल्या, आणि तो तोवर केंटकीच्या सहा मतदारसंघांचे उंबरठे लिहून रिकामा झाला होता.